किटली, जांभळा रंग आणि माझं अतिरिक्त होणं

ती. स्व. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावरचा समज. प्रत्यक्षात आडवा झालो तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात सध्या एकच आहे, तेही माझ्यावर चिडलेलं.)

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारायचं आणि "मला काय धाड भरली आहे" असं तू कळवायचं, हा आपला जुना रिवाज आहे. तेव्हा या खेपेला विचारत नाही. तूच आपणहून खरं काय ते लिही. इकडे सगळं क्षेम. क्षेम म्हणजे गच्चीवरची टाकी गळते आहे, खालच्या मजल्यावरचे लोक त्याबद्दल रोज वर येऊन बोलतात, आणि हिनं खालचे दात नवे बसवून घेतले. दात रुळेपर्यंत हिचं बोलणं जरा कमी झालं होतं, ते आता पूर्वपदावर आलं आहे. फोन सोडून पत्र का लिहितो आहे असं तुला वाटेल. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस. माझ्या आयुष्यात मुद्दा असा फारसा नसतोच. जे काय असतं ते कंसातच असतं. शिवाय पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

तर सांगायचं म्हणजे, सरकारला एकदम दोन गोष्टी सुचल्या. एकच सुचली असती तर आम्ही निभावून नेली असती. पहिली अशी की शिक्षकांचं प्रशिक्षण सुधारलं पाहिजे. दुसरी अशी की शाळांमधून कलेचं शिक्षण सुधारलं पाहिजे. दोन्ही हेतू चांगले होते हे मी कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगीन. वाईट हेतूंचं मला भय वाटत नाही, ते आपापल्या कामात असतात. चांगल्या हेतूचं मात्र परिपत्रक निघतं. आणि इथं तर दोन चांगल्या हेतूंचं मिळून एकच परिपत्रक निघालं, ते असं: यापुढे प्रत्येक शिक्षक हा कलाशिक्षक असेल. गणित चित्रातून, विज्ञान नाट्यातून, भूगोल मातीकामातून, आणि भाषा कशातून ते छापताना राहून गेलं होतं, तिथं नुसतीच रेघ होती.

आता आमच्या शाळेत कलेची काय अवस्था आहे हे तुला माहीत नाही, कारण तू आलीस तेव्हा मी तुला शाळा बाहेरूनच दाखवली होती. चित्रकलेची खोली व्हरांड्याच्या पार टोकाला, मुतारीच्या अलीकडे. निम्म्या खोलीत मोडके बाक एकावर एक रचलेले, त्यांच्यावर आस निखळलेला पृथ्वीचा गोल, आणि कोपऱ्यात एक नळ, ज्यातून पाणी येत नाही पण पाणी येणार असल्याचा आवाज येतो. माझे तास दिवसाच्या शेवटी, मुलांचं लक्ष दप्तराच्या पट्ट्यांकडे लागलेलं असताना. तेही माझ्या वाट्याला यायचेच असं नाही. आमच्या गणिताच्या मास्तरांना मुलं काटकोन म्हणतात (माणूस सरळसोट, आणि व्हरांड्यात वळताना सुद्धा आधी थांबून मग अंग वळवतो). या काटकोनांचा पोर्शन जूनपासूनच मागे पडलेला असतो. "सर, आजचा तास जरा देता का?" असं ते दारात उभं राहून विचारायचे आणि मी द्यायचो. पुढेपुढे विचारणंही बंद झालं. एकदा तर मी माझ्याच तासाला माझ्याच वर्गाच्या दाराशी उभा राहिलो, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं अगदी अदबीनं विचारलं की सर, तुम्हाला कोणाला भेटायचंय का? मी म्हणालो, नाही, सहज. भांडायचं वय निघून गेलं ताई. भांडण म्हणजे उभं राहावं लागतं, आणि मला उभं राहिलं की घोटे सुजतात.

असं असताना मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं आणि बशीसकट चहा दिला. (तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. इतक्या वर्षांत मला त्या खोलीत कपसुद्धा कानाचा मिळालेला नाही.) बाई वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर फायलींचे ढीग असे असतात की समोर बसलेल्याला त्यांचा फक्त चष्मा दिसतो. त्या चष्म्यानं मला सांगितलं की आपल्या आणि आसपासच्या शाळांमधल्या सगळ्या शिक्षकांना कलेचं प्रशिक्षण द्यायचं आहे, आणि या भागात सरकारदरबारी नोंद असलेला कलेचा माणूस मी एकटाच निघालो. म्हणून मी तज्ज्ञ मार्गदर्शक. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी तज्ज्ञ म्हणत होतं. खोटं कशाला बोलू, घरी येताना मी जरा छाती काढून चालत होतो. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "तुमचं नाव कोणाला आठवलं की मला धडकीच भरते." मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि शर्ट इस्त्रीला टाकला.

तज्ज्ञाला आधी तज्ज्ञ करावं लागतं, म्हणून प्रथम मलाच प्रशिक्षणाला पाठवलं. मोठा हॉल, वर पंखे, पुढे पडदा. शिकवायला आलेली मुलगी आमच्या धाकट्या मुलीच्या वयाची, इतकी गोड बोलायची की तिला कशालाही नाही म्हणवत नसे. तिला वरच्यांनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या वरच्यांनी. प्रोजेक्टरवर तिनं आम्हाला रंग दाखवले. त्या प्रोजेक्टरला काय झालं होतं कोण जाणे, लाल रंग त्याला दिसतच नव्हता, पडद्यावर तपकिरी डाग यायचा. ती जरा गोंधळली, मग म्हणाली की आपण हा लाल आहे असं समजू या. शेजारच्या गृहस्थांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं: "लाल (समजणे)." नंतर आम्ही सगळे नदी झालो. म्हणजे हात पसरून हॉलभर वाहायचं. मी खुर्ची धरून वाहिलो. एक पोटाचा विकार असलेले इतिहासाचे शिक्षक मध्येच बाहेर वाहून गेले ते परत आलेच नाहीत. मला त्या मुलीचं वाईट वाटत होतं. तिला मनापासून काहीतरी करायचं होतं, आणि तिच्या हातात दिलं होतं ते हे.

मग माझी पाळी. सुट्टी लागली आणि आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये आसपासच्या शाळांचे शिक्षक गोळा झाले. सुट्टीत बोलावलेल्या शिक्षकाचा चेहरा तू पाहिला नाहीस. कोणाची आरक्षणं रद्द झालेली, कोणाच्या घरी लग्न, आमच्या भाषेच्या बाईंचा नातू नुकता जन्मलेला. त्या पहिल्या बाकावर विणकाम घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, सर, तुमचं चालू द्या, माझं चालू आहे. पीटीचे सर मागे भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपले. व्यायाम केलेलं शरीर झोपेतसुद्धा ताठ राहतं हे मला तेव्हा कळलं. काटकोन मधोमध, पट्टी-पेन्सिल समांतर मांडून. आणि नापास होणाऱ्याला पुढच्या सुट्टीत हेच प्रशिक्षण पुन्हा, अशी वरून तंबी. त्यामुळे पळून जायचीही सोय नव्हती.

सरकारकडून साहित्याची खोकी आली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी ती कुलपात ठेवली होती, ती समारंभानं उघडली. कागद चांगला होता, ब्रश बरे होते, आणि रंगाच्या बाटल्या भरपूर होत्या. सगळ्या जांभळ्या. एक खोकं उघडलं, दुसरं उघडलं, तळापर्यंत हात घातला. जांभळा, जांभळा, जांभळा. पुरवठा करणाऱ्याला तोच सोपा पडला असावा. बाईंनी वर फोन लावला. वरून उत्तर आलं की यादीत 'रंग' असं लिहिलं आहे आणि रंग पोहोचला आहे, तेव्हा तक्रार नेमकी काय? पहिल्या दिवशी मी सगळ्यांना निसर्गचित्र काढायला लावलं. जांभळा सूर्य, जांभळे डोंगर, जांभळी झाडं, झाडाखाली जांभळी माणसं. हॉलभर वाळत घातलेले ते कागद बघून मला वाटलं, की सगळ्या जगाला एकदम मुका मार लागला आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमचे क्लार्क माझ्याशेजारी येऊन बसले. चांगला माणूस, पण वाईट बातमी देताना बिस्किट बुडवून खातो. म्हणाले, सर, एक कानावर घालू का, ही बॅच पास झाली की तुमचं पद जाणार. मला कळेना. त्यांनी समजावलं: प्रत्येक शिक्षक जर कलाशिक्षक झाला, तर मग वेगळा कलाशिक्षक कशाला? परिपत्रकाच्या मागच्या पानावर होतं ते. (मागचं पान मी वाचलं नव्हतं. कोणीच वाचत नाही, म्हणून तर तिथं लिहितात.) म्हणजे ताई, ज्या फांदीवर मी बसलो होतो ती तोडायला मलाच कुऱ्हाड दिली होती, वर तज्ज्ञ म्हणून बशीसकट चहा पाजला होता. क्लार्क म्हणाले, अर्थात बॅच नापास झाली तर गोष्ट वेगळी. आणि उरलेलं बिस्किट खाऊन गेले.

घरी आलो, जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, मी सांगितलं. नव्या दातांनी शांतपणे घास चावून झाल्यावर ही म्हणाली, "मग वाईट शिकवा. त्यात काय अवघड आहे तुम्हाला?" हे वाक्य मदत म्हणून बोललं होतं की टोमणा म्हणून, याचा मी अजून विचार करतो आहे. पण सल्ला बिनतोड होता. इतकी वर्षं नोकरीत काढल्यावर वाईट शिकवता येऊ नये म्हणजे काय!

तिसऱ्या दिवशी मी खुर्ची हॉलच्या कडेला ओढली, सगळ्यांना म्हणालो, सुचेल ते काढा, आणि वर्तमानपत्र उघडून बसलो. भाषेच्या बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच प्रेमानं पाहिलं. सकाळ छान गेली. मी छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. मग चहावाला त्याची ती मोठी, पोचे आलेली अ‍ॅल्युमिनियमची किटली खिडकीपाशी टेबलावर ठेवून कप आणायला गेला, आणि काटकोनांनी ती किटली काढायला घेतली. मी पेपराच्या वरून बघत होतो. पट्टीनं मध्यरेषा आखून, दोन्ही बाजू मोजून, त्यांनी किटलीचा असा काही नकाशा काढला की तो दाखवून किटलीवर अतिक्रमणाचा दावा लावता आला असता. मग आत जांभळा रंग भरला, एकसारखा. थोडा वेळ बघत बसले. दुसऱ्या कागदावर पुन्हा काढली. पुन्हा तसंच. शेवटी कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, मापं बरोबर आहेत. मग ही फुगत का नाही?"

मी पेपर वर उचलला. खरंच उचलला ताई, अगदी नाकापर्यंत. पण पेपराच्या खालून तो कागद दिसत होता, आणि त्या किटलीचा जीव असा घुसमटला होता की मला बघवेना. आचाऱ्यासमोर कोणी भाजी जाळत असेल तर तो सुट्टीवर असला तरी उठून गॅस बारीक करतो, तसं झालं. मी म्हणालो, बाहेरची रेघ विसरा. उजेड कुठून येतोय? म्हणाले, खिडकीतून. मग खिडकीकडच्या पोटाला रंग कशाला फासता? तिथं नुसता कागद राहू दे. इथून पाणी घालून फिका, मग जरा गडद, मग या बाजूला गच्च. आणि आता अगदी कडेला बघा, अंधार संपता संपता, तिथं पुन्हा थोडा उजेड आहे ना? तो टेबलावरून उडून आलेला आहे. तो सोडा.

त्यांनी सोडला, आणि किटली फुगली. कागदावरून उचलून चहा ओतावा अशी. काटकोनांनी हात लांब करून कागद समोर धरला. मग म्हणाले, म्हणजे जिथं काही करायचं नाही ते आधी ठरवायचं. मी इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, मला हे असं एका वाक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

तेवढ्यात मागून भाषेच्या बाई म्हणाल्या की मला दिसत नाहीये, किटली जरा इकडे फिरवा. विणकाम त्यांच्या मांडीवरून खाली पडलं होतं. मग काय, सगळेच जमले. आणि एकच रंग असण्याचा असा फायदा झाला म्हणून सांगू. हिरवा की निळा, हा घोळच नाही, फक्त उजेड आणि अंधार. चहावाला कप घेऊन आला तर त्याला किटलीच मिळेना, चहा निवून गेला तरी कोणी हलेना. पीटीचे सर जागे झाले. त्यांनी तर किटलीच्या तोटीला एवढी नाजूक सावली दिली की मी दोनदा बघितलं. दिवस संपल्यावर माझ्या लक्षात आलं की वर्तमानपत्र कोणीतरी ब्रश पुसायला घेतलं आहे, आणि मी दिवसभर उभा आहे. घरी हिनं माझे सुजलेले घोटे पाहिले आणि काही न विचारता पाणी गरम करायला ठेवलं. म्हणाली, जमलं नाही ना वाईट शिकवायला? मी म्हणालो, नाही जमलं.

त्यानंतरचे दिवस बरे गेले, हे कबूल करतो. बरे दिवस थकवतात जास्त, एवढंच. शेवटच्या दिवसाच्या आधी काटकोन माझ्याबरोबर व्हरांड्यातून चालत आले, वळणावर थांबले, अंग वळवलं, आणि म्हणाले, "सर, तुमचे तास मी बरेच घेतले."

"घेतलेत."

"त्या तासांना तुम्ही हे शिकवणार होता?"

"हेच."

त्यांनी खोलीच्या दारातून आत नळाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले की क्लार्कनी सगळ्यांना सांगितलंय, आणि आमचं ठरलंय: उद्या शिक्षण खात्याचे साहेब परीक्षा घ्यायला आले की आम्ही सगळे नापास होणार. मी म्हणालो, अहो, पुढची सुट्टी जाईल तुमची. म्हणाले, जाऊ दे, भाषेच्या बाई म्हणाल्या नातू काही पळून जात नाही. मी नको नको म्हणालो. खूप जोरात म्हणालो असं नाही, पण म्हणालो. आणि ताई, त्या रिकाम्या व्हरांड्यात मी उगाच खोलीची किल्ली खिशात चाचपत राहिलो. इतकी वर्षं ज्या लोकांनी मला शाळेच्या फर्निचरात धरलं, ते माझ्यासाठी सुट्टी सोडायला निघाले होते. शिक्षक काय वाटेल ते सोडील, पण सुट्टी?

साहेब आले. गोरेगोमटे, सुगंधी, हसतमुख. त्यांच्यामागे फोटो काढणारा. मुख्याध्यापिकाबाईंनी फायलींच्या मागून येऊन चक्क पूर्ण दर्शन दिलं. परीक्षा अशी की प्रत्येकानं एक चित्र काढायचं आणि त्यातून आपला विषय कसा शिकवाल ते सांगायचं. सगळे बसले, आणि शब्दाला जागून वाईट काढू लागले. भाषेच्या बाईंनी पाच पायांचं एक जनावर काढलं. विज्ञानाच्या बाईंनी डावा हात वापरला. पीटीच्या सरांनी ब्रश धुण्याचं पाणी कागदावर सरळ ओतून दिलं आणि हाताची घडी घालून बसले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बघवत नव्हतं.

साहेबांनी पहिला कागद उचलला, थांबले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. (मी खोटं सांगत नाही. फोटोत आहे.) म्हणाले, किती निरागस! किती बंधनमुक्त! नेमकं हेच आम्हाला हवं होतं. पाच पायांच्या जनावराला त्यांनी लहान मुलाच्या नजरेचा आविष्कार म्हटलं. पीटीच्या सरांच्या गढूळ पाण्यासमोर तर ते असे उभे राहिले की मला वाटलं आता चपला काढतात. हे सर्वांत धाडसी, असं म्हणाले. पास, पास, उत्तम पास. माणसं हवालदिल होऊन एकमेकांकडे बघत होती. नापास व्हायला निघालेल्या माणसाला असं हसत हसत पास केलं तर त्यानं दाद कोणाकडे मागायची?

मग ते काटकोनांपाशी आले. काटकोन मान खाली घालून बसले होते. समोर किटली होती. खिडकीकडचं पोट कोरं, दुसरीकडे गच्च अंधार, आणि अंधाराच्या कडेला तो उडून आलेला उजेड, जिथल्या तिथं. साहेबांनी कागद वरखाली केला. म्हणाले, "हे अगदी किटलीसारखं दिसतंय." डॉक्टर एक्स-रे बघून जसं म्हणतात तसं. मग समजुतीच्या स्वरात सांगितलं की आपल्यावर जुन्या पद्धतीचा फार पगडा आहे, मनातली गाठ सुटलेली नाही. शेरा मारला: पुनर्प्रशिक्षण आवश्यक.

साहेब गेल्यावर काटकोन माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. मला वाटलं नापास झाल्याचं दुःख आहे. तसं नव्हतं. म्हणाले, सर, मी शब्द मोडला. वाईट काढायचं ठरवून बसलो होतो, पण हात ऐकेना. मला वाटलं आता मी एकटा पास होणार आणि तुम्हाला तोंड कसं दाखवू. सगळ्या बॅचमध्ये हा एकच माणूस खरं काहीतरी शिकला होता, आणि तोच नापास, आणि वर माझी माफी मागत होता. मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. जवळजवळ सगळी बॅच पास, त्यामुळे मला उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून प्रमाणपत्र मिळालं, आणि त्याच पाकिटात, त्याच टाचणीनं टोचून, मी अतिरिक्त झाल्याचा, म्हणजे या शाळेत मला जागा उरली नसल्याचा, हुकूम. मुख्याध्यापिकाबाईंनी पाकीट देताना चष्मा काढला. म्हणाल्या, मी वर दोनदा लिहिलं होतं हो. मला ते खरं वाटलं. त्यांचे डोळे मी प्रथमच पाहिले, बरेच दमलेले आहेत.

शाळा सुरू झाल्यावरचे शेवटचे काही दिवस मी कामावर होतो. काटकोनांनी मला माझे तास दिले, वर स्वतःचेही दोन दिले. पोर्शनचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, राहील. मुलांना चहाची किटली बघायला बसवलं. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला मी कोण ते अखेर कळलं, आणि तेवढ्यात मी निघालो. खोलीची किल्ली क्लार्कना दिली. नळ बंद करून आलो, तरी आवाज येतच होता.

आता कुठल्यातरी दुसऱ्या शाळेत रुजू व्हायचं आहे. या वयात नवी शाळा, नवा व्हरांडा, नवी मुतारी. दमलोय ताई, दुसरं काही नाही. तू काळजी करू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. लिहायचं राहिलं. ती दुसरी शाळा तुझ्याच गावात आहे. तुझ्या घराची वरची खोली भाड्यानं दिलेली नसेल तर मला लागेल. मी कोणाला त्रास देणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. सोमवारी येतो आहे. ट्रंक कालच पुढे पाठवली.

आणखी ता. क. तिथं मला चित्रकला नाही. पाचवीला गणित शिकवायचं आहे. (कलेचा माणूस कोणताही विषय कलेतून शिकवू शकतो, असं त्याच परिपत्रकात आहे. बहुधा पुन्हा मागच्या पानावर.) तू हिशेबाच्या खात्यात जन्म काढलास, म्हणून विचारतो: अपूर्णांकांचा भागाकार करताना उलटायचा तो पहिला की दुसरा? उलट टपाली कळव. हे फार महत्त्वाचं आहे.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाकी सगळं झालं तसंच लिहिलंय, पण हुकूम आला म्हणून तिकडे येतोय असं जे भासवलंय ते खरं नाही. अतिरिक्त झालेल्यांना पसंती विचारली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका संस्थेची शाळा आहे, तिथं हे प्रशिक्षण अजून पोचलेलं नाही, आणि तिथं चित्रकलाच मिळत होती. यांनी ती सोडून तुमच्या गावचं गणित मागून घेतलं. तुमच्या शेजारणीचा फोन आला होता. तुम्ही जिन्यात पडलात आणि इकडे कळवू नका म्हणालात, ते आम्हाला कळलं आहे. मी तुम्हाला सांगितलं हे यांना सांगू नका, आणि अपूर्णांकांचं मात्र खरंच बघा. वरची खोली झाडायला म्हणून जिना चढू नका. धूळ असू दे. ते आल्यावर झाडतील, आणि नाही झाडली तर भांडी बांधून झाली की मी येतेच आहे.